मदत हवी आहे : कुरळे केस नीट कापणारं सोलापुरात कुणी आहे का?

मुलगी 6 वर्षांची, केस दाट आणि स्प्रिंगसारखे कुरळे. जुळे सोलापुरातल्या दोन पार्लरमध्ये नेऊन झालं. दोन्हीकडे ओले करून, ताणून कापले. वाळल्यावर चार बोटं वर चढले, एक बाजू कानाच्या वर, दुसरी खाली. एकीने तर कोरड्या केसांतून बारीक कंगवा ओढला. आता कात्री दिसली की पोर माझ्या ओढणीत तोंड लपवते.

गुंता मी घरी कंडिशनर लावून, रुंद दातांच्या फणीने काढते, तो प्रश्न नाही. स्ट्रेटनिंग करायचं नाही, बॉयकटही नको. दर वेळी पुण्याला जाणं जमणार नाही. विजापूर रोड, होटगी रोड, कुठेही येईन. रविवारी मिळालं तर बरं.

केस कोरडे असतानाच एकेक बट बघून कापणारं, लहान मुलांना सबुरीने घेणारं कुणी माहीत आहे का? स्वतःच्या मुलांचा अनुभव असेल तर फार बरं होईल. आणि साधारण किती घेतात?