मदत हवी आहे: काळ्या शेळ्यांची लव तांबूस होत आहे, ही तांब्याची कमतरता समजावी का?

मूळ प्रश्न

माझ्या गोठ्यात शेळ्या आणि थोड्या मेंढ्या एकत्र राहतात. गेल्या काही महिन्यांपासून काळ्या शेळ्यांच्या पाठीवरील आणि बरगड्यांवरील केस तांबूस, निस्तेज आणि राठ होत चालले आहेत. दोन-तीन शेळ्यांच्या शेपटीच्या टोकावरील केस गळून टोक दुभंगल्यासारखे दिसते. काही शेळ्या वारंवार उलटत आहेत, म्हणजे फळवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येत आहेत. मागील विणीत जन्मलेल्या करडांपैकी दोन करडे मागच्या पायांनी नीट चालत नव्हती. त्यांतील एक दगावले आणि दुसरे अजूनही अडखळत चालते.

जंतांची शक्यता मी आधी तपासून घेतली. लेंड्यांच्या तपासणीत जंतांचा भार कमी आढळला आणि खालच्या पापणीच्या आतील रंगही चांगला गुलाबी आहे. आहारात वाळलेले गवत, वाळवलेला लसूणघास आणि गाभण व दुभत्या शेळ्यांना थोडा धान्याचा खुराक असतो. हिरवा चारा वर्षातील मोजकेच महिने मिळतो. पाणी कूपनलिकेचे आहे आणि त्यामुळे हौदाच्या कडांवर गंजासारखे तांबडे डाग पडतात. मेंढ्यांना तांबे बाधते म्हणून सर्वांसाठी मेंढ्यांचे, म्हणजे तांबे न मिसळलेले, खनिज मिश्रण ठेवले जाते.

वाचनावरून ही लक्षणे तांब्याच्या कमतरतेची वाटतात. पण जस्त, सेलेनियम आणि जीवनसत्त्व ई यांच्या कमतरतेच्या वर्णनांतही यांपैकी काही लक्षणे येतात, त्यामुळे निष्कर्ष काढायला मन धजत नाही. थेट तांबे देण्यास सुरुवात करावी, की आधी एखादी तपासणी करावी? मेंढ्यांना धोका न होता शेळ्यांना तांबे कसे पोहोचवावे? करडांचा त्रास याच कारणाचा असेल का? आणि वर्षाचा बराच काळ वाळलेल्या चाऱ्यावर असणाऱ्या शेळ्यांना जीवनसत्त्वे वेगळी द्यावी लागतात का? अनुभवी पशुपालकांनी आणि पशुवैद्यकांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण दिलेल्या माहितीत तीन गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात: तांबेविरहित मिश्रण, गंजाचे डाग पाडणारे पाणी आणि काळ्या केसांचा उडालेला रंग. केसांतील काळे रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) तांबे लागते, म्हणून गडद रंगाच्या जनावरात कमतरता आधी दिसते. पांढऱ्या शेळीत तीच कमतरता बराच काळ लपून राहते. तरीही माझा आग्रह असा की, प्रश्न केवळ "तांबे कमी पडले का" एवढाच मानू नये. आहारात तांबे असूनही ते अंगी न लागणे ही तितकीच नेहमीची अवस्था आहे. मोलिब्डेनम हे खनिज आणि गंधक कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात) एकत्र येऊन तांब्याला असे बांधून टाकतात की, ते शोषले जात नाही. लोहाचे आधिक्यही तांब्याच्या शोषणात अडथळा आणते. पाण्यात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम लोह असले तरी डाग पडू लागतात, त्यामुळे डागांवरून लोह आहे एवढेच कळते, किती आहे ते नाही. पाण्याची लोह आणि सल्फेट यांसाठी तपासणी सर्वांत आधी करून घ्यावी. ती स्वस्तात होते आणि पुढचे बरेच काही ठरवते.

रक्तातील तांब्याच्या तपासणीवर फार विसंबू नये. शरीर तांब्याचा साठा यकृतात करते आणि तो जवळपास संपेपर्यंत रक्तातील पातळी टिकवून धरते. शिवाय अंगात कुठे दाह किंवा संसर्ग असेल तर रक्तातील तांबे वाढलेले दिसते. खरे चित्र यकृताच्या नमुन्यातून मिळते. कळपातील एखादे जनावर मेले किंवा कापले गेले, तर पशुवैद्यांना विचारून यकृताचा तुकडा थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवावा. त्याच तुकड्यात सेलेनियमही मोजून घेता येते.

आता हिशेब. खाल्लेल्या चाऱ्यातील एक किलो शुष्क पदार्थामागे (पाण्याचा अंश वगळून उरणाऱ्या भागामागे) शेळीला वयानुसार साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम तांबे लागते. समजा, शेळी दिवसाला दीड किलो शुष्क पदार्थ खाते आणि चाऱ्यात किलोमागे ६ मिलिग्रॅम तांबे आहे. म्हणजे चाऱ्यातून ९ मिलिग्रॅम मिळाले. किलोमागे १,५०० मिलिग्रॅम तांबे असलेले मिश्रण तिने १० ग्रॅम खाल्ले, तर आणखी १५ मिलिग्रॅम मिळते. एकूण २४, म्हणजे शुष्क पदार्थाच्या किलोमागे १६ मिलिग्रॅम. शेळीसाठी हे गरजेच्या खालच्या टोकाला आहे. मेंढीसाठी मात्र १५ च्या पुढचा आकडा धोक्याचा मानला जातो, आणि चाऱ्यात मोलिब्डेनम कमी असेल तर त्याच्या आतही विषबाधा होऊ शकते. दोघींना एका पेटीतून खनिज देणे का जमत नाही, ते या एका आकड्यावरून कळावे. शेळ्यांचे मिश्रण शेळ्यांच्या वेगळ्या कप्प्यात, रात्री त्या बंद असतानाच ठेवावे. केवळ पेटी उंचावर टांगण्याच्या उपायावर माझा विश्वास नाही, कारण मेंढ्या खाली सांडलेले वेचून खातात.

मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) पाण्यात कालवून अंदाजाने पाजण्याचा सल्ला कोणी दिल्यास कृपया मानू नये. शेळीला तांबे जास्त लागते याचा अर्थ तिला ते बाधत नाही असा नव्हे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. करडांबद्दल मात्र थोडे थांबून विचार करावा, कारण मागच्या पायांची कमजोरी हे एकच लक्षण निदानाला पुरत नाही.

गाभणपणात शेळीला तांबे कमी पडले, तर करडाच्या मज्जारज्जूचा विकास बिघडतो. असे करडू टवटवीत असते, दूध ओढते, त्याला वेदना नसतात. पण मागचा भाग झोकांड्या खातो. काही करडांत हे जन्मतः दिसते, तर काहींत जन्मानंतर कित्येक आठवड्यांनी सुरू होते. सेलेनियम किंवा जीवनसत्त्व ई कमी पडल्यास बिघाड मज्जारज्जूत नसून स्नायूंत असतो: करडू ताठ चालते, पाठीला बाक येतो, मांडीचे स्नायू हाताला कडक लागतात आणि उभे राहताना त्याला दुखते. हृदयाच्या स्नायूंवर परिणाम झाला तर चांगले दिसणारे करडू धावता धावता कोसळून मरू शकते. सांधे सुजलेले व गरम असतील आणि ताप असेल, तर नाळेतून शिरलेल्या जंतुसंसर्गाचा विचार आधी करावा. तिथे खनिजांचा काही उपयोग नाही.

स्नायूंच्या रोगात पशुवैद्यांनी दिलेल्या सेलेनियम आणि ई च्या इंजेक्शनाने करडू लवकर सावरू शकते. मज्जारज्जूला झालेली इजा मात्र भरून येत नाही, म्हणून तिथे उपाय गाभण शेळीपासूनच सुरू करावा लागतो. सेलेनियमची गरज अत्यल्प आहे, शुष्क पदार्थाच्या किलोमागे साधारण ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम, आणि गरज व विषबाधा यांतील अंतर फार नाही. मिश्रणात सेलेनियम, चाटण विटेत सेलेनियम, वर इंजेक्शन, असे तीन वाटांनी ते जाऊ नये यासाठी प्रत्येक आवरणावरील आकडे एकत्र मांडून पाहावेत.

जगलेले करडू ताठ चालते की झोकांड्या खाते, आणि त्याचे सांधे कसे आहेत, हे कळवावे.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. करडाचे सांधे सुजलेले नाहीत, ते दूध व्यवस्थित पिते आणि स्नायू दाबल्यावर दुखत असल्याचे जाणवत नाही. चाल ताठ नसून मागचा भाग एका बाजूला झुकल्यासारखी आहे. दगावलेल्या करडाचे शवविच्छेदन झाले नव्हते. जीवनसत्त्वांविषयीही कोणी लिहावे. मोठ्या शेळ्यांना ब गटाचे टॉनिक नियमित द्यावे, असा सल्ला मला वारंवार मिळतो.

प्रतिसाद ३

रवंथ नीट करणाऱ्या मोठ्या शेळीला ब गटाचे टॉनिक नियमित देण्याची गरज नसते. ही जीवनसत्त्वे कोटीपोटातील सूक्ष्मजीव तयार करतात. के चीही सोय तिथेच होते आणि क शेळीचे स्वतःचे शरीर तयार करते. सूक्ष्मजीवांना ब १२ तयार करण्यासाठी कोबाल्ट मात्र पुरवावे लागते, शुष्क पदार्थाच्या किलोमागे जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. जमिनीत कोबाल्ट नसेल तर भरपूर चारा समोर असूनही शेळी खंगत जाते.

ब १ ची गोष्ट निराळी आहे. खुराकात अचानक वाढ, बुरशी लागलेला चारा, पाण्यात किंवा आहारात गंधकाचे आधिक्य, किंवा रक्ती हगवणीसाठी दिलेले अँप्रोलियम दीर्घकाळ चालू राहणे, यांमुळे ब १ नष्ट होते किंवा शरीराला वापरता येत नाही. शेळी मान वर वळवून आकाशाकडे पाहत राहते, दिसेनासे होते, डोके भिंतीला टेकवून उभी राहते. ही तातडीची अवस्था आहे. टॉनिकची बाटली शोधत बसू नये. पशुवैद्यांकडून ब १ चे इंजेक्शन काही तासांत मिळाले तर शेळी वाचू शकते. आपल्या पाण्याची सल्फेटसाठी तपासणी करायला वर सुचवले आहेच. त्याला हे दुसरे कारण.

आपल्या कळपात खरी काळजी अ आणि ई यांची आहे. अ जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनपासून बनते आणि यकृतात काही महिने पुरेल इतके साठते. म्हणून हिरव्या हंगामानंतर लगेच कमतरता दिसत नाही, ती लांबलेल्या कोरड्या काळाच्या शेवटी डोके वर काढते, आणि नेमक्या त्याच सुमारास शेळ्या गाभण असतील तर अशक्त करडे जन्मतात. संधिप्रकाशात शेळी अडखळते का ते पाहावे. दुधाच्या रंगावरून मात्र अंदाज बांधू नये, कारण शेळी जवळजवळ सर्व कॅरोटीनचे अ मध्ये रूपांतर करते आणि तिचे दूध एरवीही पांढरेच असते. ई चा साठा इतका टिकत नाही. चारा उन्हात जितका जास्त वाळतो आणि जितका जुना होतो तितके दोन्ही घटतात. त्यामुळे लसूणघास सावलीत, पाने झडू न देता वाळवला तर पुष्कळ फरक पडतो. गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात अ आणि ई असलेले मिश्रण द्यावे आणि करडाला चीक लवकर पाजावा, कारण ही जीवनसत्त्वे त्याला मुख्यतः चिकातूनच मिळतात. ड ची चिंता ज्यांच्या शेळ्या सतत छपराखाली असतात त्यांनी करावी.

लसूणघासात कॅल्शियम भरपूर असते आणि त्याचे आधिक्य जस्ताचे शोषण अडवते. उलटणाऱ्या शेळ्यांच्या कातडीवर खपल्या किंवा खुरांत ठिसूळपणा असेल, तर जस्ताकडेही पाहावे.

प्रतिसाद ४

मिश्रण भुकटीच्या रूपातच घ्यावे. कठीण चाटण वीट शेळीच्या जिभेला पुरेशी झिजत नाही. मिश्रणात मीठ असेल तर वेगळे मीठ काढून टाकावे. शेळ्या मिठाच्या ओढीने मिश्रण खातात; मीठ दुसरीकडे मिळाले की त्या पेटीकडे फिरकत नाहीत. किती खाल्ले जाते ते आठवडाभराने पेटीतील घट मोजून पाहावे.

धागाकर्ता

पाण्याचा नमुना तपासणीसाठी दिला आहे आणि शेळ्यांसाठी रात्रीचा वेगळा कप्पा तयार होत आहे. यकृताचा नमुना मिळेपर्यंत तांब्याची वेगळी मात्रा देणार नाही. फक्त शेळ्यांसाठीचे मिश्रण सुरू करतो. लव किती काळात काळी होईल, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

आहे तो केस पुन्हा काळा होणार नाही. नवा केस मुळाशी गडद येतो. पाठीवर एका लहान जागी केस कातरून ठेवावेत, म्हणजे तिथे उगवणाऱ्या नव्या केसांचा रंग लवकर कळेल. दरम्यान पाण्यातील लोहाचा आकडा इथे नक्की लिहावा. तो फार मोठा आला तर मिश्रण बदलण्याआधी पाणी बदलण्याचा विचार करावा लागेल.