वॉल्टर पेटनचे १६,७२६ यार्ड: फॅमिली ग्रुपवरची रविवारची चर्चा

अप्पाकाका: दादा, काल तू त्या सोल्जर फील्ड स्टेडियमचा फोटो टाकलास, त्यात जिकडे तिकडे पाठीवर ३४ नंबर दिसतोय. सध्याचा कोणी मोठा खेळाडू आहे का हा?

दादा (शिकागो): नाही काका. तो अमेरिकन फुटबॉलमधल्या वॉल्टर पेटनचा नंबर. १९८७च्या हंगामानंतर निवृत्त झाला, १९९९ मध्ये गेला. त्याच्या संघाने, शिकागो बेअर्सने, तो नंबर नंतर कोणालाच दिला नाही. पण इथे त्याला खेळताना न पाहिलेली पोरंही तीच जर्सी घालून येतात. रनिंग बॅक होता. चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या गर्दीतून पुढे घुसायचं.

छोटू: पण चेंडू घेऊन सर्वाधिक अंतर धावण्याचा विक्रम एमिट स्मिथचा आहे ना? १८,३५५ यार्ड.

दादा (शिकागो): हो, २००२ मध्ये स्मिथने मागे टाकलं. त्याआधी १८ वर्षं तो विक्रम पेटनकडे होता. ७ ऑक्टोबर १९८४ला याच मैदानावर न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध त्याने आधीचा विक्रमवीर जिम ब्राउनचे १२,३१२ यार्ड ओलांडले आणि पुढे १६,७२६ पर्यंत गेला.

अप्पाकाका: आपल्या हिशोबात किती झाले ते?

दादा (शिकागो): साधारण सव्वापंधरा किलोमीटर. पण हे अंतर त्याने ३,८३८ वेळा चेंडू घेऊन कापलंय काका. म्हणजे सरासरी चार मीटर गेला की कोणीतरी शंभर किलोचा माणूस अंगावर. असे १३ हंगाम. आणि त्यात एकच सामना चुकला, तोही पहिल्या वर्षी.

अप्पाकाका: एकच?? गुडघे, घोटे, बरगड्या, काहीच नाही?

दादा (शिकागो): दुखापती होत्याच, तसाच खेळायचा. २० नोव्हेंबर १९७७, मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध. अंगात फ्लू. त्या दिवशी ४० वेळा चेंडू घेतला आणि २७५ यार्ड काढले. एका सामन्यातला तो तेव्हाचा विक्रम, २००० सालापर्यंत टिकला. आणि बेअर्स जिंकले किती फरकाने? १०-७. तो नसता तर सामना गेलाच होता.

धाकटी आत्या: फ्लूमध्ये खेळू नये रे. पण वाचताना अंगावर काटा आला हे खरं.

छोटू: दादा, मला तरी जिम ब्राउन मोठा वाटतो. त्याने १२,३१२ यार्ड ९ हंगामांतच केले. दर वेळी चेंडू घेतल्यावर सरासरी ५.२ यार्ड. पेटनची ४.४. जास्त वर्षं खेळलं की यार्ड जमणारच.

दादा (शिकागो): ब्राउनबद्दल वादच नाही, सरासरीत तो पुढेच आहे. पण पेटन आला तेव्हाची बेअर्स बघ. १९७५ मध्ये १४ पैकी ४ सामने जिंकलेला संघ. पहिल्या सामन्यात पेटनला ८ वेळा चेंडू मिळाला आणि यार्ड झाले शून्य. पुढची कित्येक वर्षं समोरच्या संघाला माहीत असायचं की चेंडू ३४लाच जाणार. माहीत असून थांबवता यायचा नाही. आणि "जास्त वर्षं खेळलं की" असं म्हणू नकोस. या जागेवर जास्त वर्षं टिकणं हीच तर अवघड गोष्ट आहे.

अप्पाकाका: छोटू, हे मी सांगतो. कबड्डीत चढाईला गेलेला पकडला गेला की काही जण अंग सोडून देतात. आणि काही जण तिघं पायाला लोंबकळत असले तरी मध्यरेषेकडे हात ताणतात. असा गडी संघात एक असला तरी बाकीच्यांना जोर येतो. हा पेटन दुसऱ्या जातीचा दिसतोय.

दादा (शिकागो): अगदी तसाच काका! बाजूच्या रेषेबाहेर पाऊल टाकलं की मार वाचतो. हा मुद्दाम आत वळायचा आणि अडवणाऱ्यालाच धडक द्यायचा. चेंडू दुसऱ्याकडे असेल तेव्हा त्याच्यासाठी वाट मोकळी करायलाही हाच पुढे. रनिंग बॅक असून ८ टचडाउन पास फेकलेत त्याने, म्हणजे साथीदाराने चेंडू झेलून गोलरेषेपार नेला आणि गुण मिळाले. मी त्याला मोठा मानतो ते यासाठी, नुसत्या आकड्यासाठी नाही.

धाकटी आत्या: मग त्यांचा तो मोठा कप मिळाला का त्याला?

दादा (शिकागो): मिळाला आत्या. जानेवारी १९८६, सुपर बोल. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ४६-१० असा धुव्वा. पण त्यात पेटनचा एकही टचडाउन नाही. गोलरेषा एक यार्डावर असताना चेंडू दिला विल्यम पेरीला, जो मुळात बचाव फळीतला अवाढव्य गडी. प्रशिक्षक माइक डिटका यांनी नंतर जाहीरपणे खंत व्यक्त केली. मला अजून ते बघवत नाही. अकरा वर्षं संघ खांद्यावर वाहिलेल्या माणसाला तो एक चेंडू द्यायला हवा होता.

छोटू: पण समोरचे सगळे त्याच्यावरच डोळा ठेवून होते ना? म्हणून इतरांना मोकळीक मिळाली.

दादा (शिकागो): ते खरंय. तरी द्यायला हवा होता.

धाकटी आत्या: गेला कशाने? वय काही फार नसेल.

दादा (शिकागो): पंचेचाळिशीच. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याने स्वतः पत्रकारांसमोर सांगितलं, यकृताचा दुर्मीळ आजार आहे, प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस.

धाकटी आत्या: अरे देवा. पित्तनलिका आतून आकसत जातात त्यात. यकृत प्रत्यारोपण हाच खरा उपाय, आणि त्या नलिकांमध्ये कर्करोग व्हायचा धोका मोठा.

दादा (शिकागो): तेच झालं. कर्करोग निघाला आणि प्रत्यारोपणाचा मार्ग बंद झाला. १ नोव्हेंबरला गेला. पण उरलेल्या महिन्यांत अवयवदानासाठी लोकांशी बोलत राहिला. समाजकार्यासाठी एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग, दरवर्षी एका खेळाडूला जो पुरस्कार देते, त्याला आता वॉल्टर पेटनचं नाव आहे.

छोटू: त्याच वर्षी दुसरा रनिंग बॅक बॅरी सँडर्सही निवृत्त झाला ना? पेटनचा विक्रम फक्त १,४५७ यार्ड दूर असताना. आदल्या हंगामात त्याने १,४९१ केले होते. आणखी एक वर्ष खेळला असता तर मोडला असता.

दादा (शिकागो): हो. त्याचं मन खेळातून उठलं होतं, आकड्यासाठी थांबला नाही. सँडर्सबद्दल मला आदर वाटतो तो त्यासाठीच.

अप्पाकाका: दादा, त्या फ्लूच्या सामन्याचा व्हिडिओ मिळाला तर इथे टाक. धडक बसायच्या आधी त्याचे पाय कसे पडतात ते मला बघायचंय. आमच्या तालमीतल्या पोरांनाही दाखवीन.