खाचांची पट्टी कशासाठी असावी?
छायाचित्रात लाकडी मुठीची एक पोलादी पट्टी दिसते, तिच्या कडेला चढत्या रुंदीच्या खाचा आहेत, आणि हे हत्यार कोणते असा प्रश्न विचारला आहे. या पट्टीला काहींनी तारेची जाडी मोजण्याचे माप म्हटले आहे; परंतु तसे असते तर खाचांजवळ क्रमांक कोरलेले दिसले असते आणि मुठीची गरजही पडली नसती. काच कापण्याचे हत्यार हा तर्क अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्यालाही काचेची कड तोडण्यासाठी लहानमोठ्या खाचा असतात. मात्र त्याच्या टोकाला हिरकणी किंवा छोटे चाक असते, जे छायाचित्रात कुठेच नाही.

माझ्या मते हे करवतीचे दात वळवण्याचे हत्यार असावे. दात एकाआड एक डावीकडे व उजवीकडे किंचित कलते ठेवले की काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पाते लाकडात अडकत नाही. त्यासाठी पात्याच्या जाडीला बसेल अशी खाच दातावर चढवून मूठ एका बाजूला दाबतात व दाताचा केवळ वरचा भाग वाकवतात (मुळापासून वाकवल्यास तो तुटण्याची भीती असते). खाचा चढत्या रुंदीच्या असण्याचे कारणही हेच, कारण प्रत्येक करवतीची जाडी वेगळी असते. खाचांच्या तोंडाशी कडा झिजल्या आहेत का, हे भिंगातून अवश्य पाहावे.