नाल्याकाठची, नदीकाठची मोकळी जमीन कोल्हापूर महापालिकेने पैसे मोजून विकत घ्यावी का?

नाल्याकाठचा
परवा पहाटे फिरायला गेलो तर जयंती नाल्याकाठच्या खोलगट रानात मुरमाचे तीन ताजे ढीग. टिपरच्या चाकोऱ्या अजून ओल्या होत्या. एका ढिगाखाली करंजाचं कोवळं झाड मधोमध मोडून पडलेलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथं सपाट प्लॉट दिसणार, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. कपिलतीर्थ तळं होतं, तिथं मंडई झाली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि मोठा पाऊस झाला की तिथं पुन्हा तळं होतं.

माझं म्हणणं असं की नाल्याकाठची आणि पंचगंगेकाठची उरलीसुरली जमीन शहराने विकत घ्यावी आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवावी. कारंजी नकोत, पेव्हर ब्लॉक नकोत. झाडं आणि मातीची पायवाट पुरे.

विकास आराखड्यात ‘ही जागा बागेसाठी’ असं नुसतं आरक्षण टाकून भागत नाही. एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम १२७ वाचा. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. तिजोरीत पैसा नसला की जमीन अशीच हातची जाते. म्हणून विकास शुल्क आणि जादा एफएसआयचा (प्लॉटवर ठरल्यापेक्षा जास्त बांधकामाच्या परवानगीचा) प्रीमियम यातला ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि जमीन खरेदीशिवाय त्याला हात लावू नका. कमी पडलं तर घरफाळ्यावर थोडा जादा कर लावा, मी भरीन.

मंगळवार पेठ
घरफाळा वाढवायला माझा ठाम विरोध. शहरातल्या टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या मागं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं, ते चार पैसे वाचवायला नव्हे. पैसा कशाला, किती आणि कुठं जाणार, हे लोकांना आधी कळायला पाहिजे होतं. इथंही तेच विचारतो. आधी आहेत त्या बागा धड ठेवा, ड्रेनेज धड करा. शिवाय निळ्या पूररेषेच्या (पुराचं पाणी येतं त्या पट्ट्याची आखलेली हद्द) आत बांधकामाला बंदीच आहे. जिथं बांधताच येत नाही ती जमीन विकत कशाला घ्यायची?

नाल्याकाठचा
बंदी आहे म्हणूनच भराव रात्री पडतो. पातळी चार फूट वर आली की मग 'इथं पाणी येतच नाही' म्हणून अर्ज. शहराच्या मालकीची जागा असली, रोज शंभर माणसं तिथं फिरायला लागली, तर टिपर आत घालायची कुणाची हिंमत होत नाही.

मंगळवार पेठ
आणि पुराचं काय? पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर होतं. तुमची पाच-दहा एकर राई तो पूर अडवणार?

नाल्याकाठचा
नाही अडवणार, मान्य. नदीचा पूर वेगळा. मी बोलतोय वळवाच्या तासाभराच्या पावसाबद्दल, जेव्हा नदीला पाणी नसतं आणि तरी नाला काठ सोडून घरात शिरतो. त्या पाण्याला पसरायला खोलगट जागाच लागते.

ऊसकरी
तुम्ही दोघं ज्या जमिनीवर बोलताय तसली दीड एकर माझी आहे, नदीकाठी. वडिलांच्या हयातीत आरक्षण पडलं. तेव्हापासून बँक तारण घेत नाही. विकायला काढली की गिऱ्हाईक निम्म्या दरानं मागतं. २०१९ ला ऊस पाण्याखाली गेला, शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसला, तो ऊस तोडून बांधावर टाकायची मजुरीही अंगावर पडली. शहराला हिरवळ पाहिजे आणि तिची किंमत मी एकट्यानं तीस वर्षं भरायची, हा कुठला न्याय?

पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडं जादा बांधायचा हक्क, घ्या म्हणणाऱ्यांनाही सांगतो. तो कागद विकायचा कुणाला, तर बिल्डरला, आणि दर तोच पाडणार. पुण्यात टेकड्यांवरच्या बीडीपी (जैवविविधता उद्यान) आरक्षणाला ८ टक्के टीडीआर ठरवला, तिथल्या मालकांना तो पटला नाही, ते काही वेडे नाहीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम आहे. तसे रोख द्या. मी आडवा येणार नाही.

मंगळवार पेठ
दादा, तुमचं खरं आहे. पण दुप्पट दरानं किती एकर होणार? हद्दवाढ १९७२ पासून झालेली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटरमध्ये सगळं कोंबलंय, दर तसेच चढलेत.

टाउन हॉलची सावली
दर चढलेत हेच लवकर घेण्याचं कारण आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावानं १९६७ साली मतदान करून स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, त्यातला हिस्सा फक्त मोकळी जमीन विकत घ्यायला. डोंगराकडचा भाग त्यामुळं वाचला. आपल्याकडं असं मतदान नाही, पण ठराव करून वेगळं खातं काढता येईल आणि दर वर्षी त्याची जमा-खर्च पाटी चौकात लावता येईल.

मंगळवार पेठ
पाटी लागणार असेल आणि पैसा प्रीमियममधूनच येणार असेल तर माझा विरोध निम्मा झाला. घरफाळ्याला मात्र अजून नाहीच.

ऊसकरी
खातं निघालं आणि त्यात रक्कम दिसली की सातबारा घेऊन मी स्वतः येतो. बांधावरची जांभळ आजीनं लावलीय, ती तोडायची नाही एवढं खरेदीखतात लिहून घेणार.