पुस्तक चांगलं, रेकॉर्डिंग घुमतंय: ऐकणार की सोडणार?

कानसेन_नवा:
परवा अकरा तासांचं एक ऑडिओबुक तिसऱ्या तासाला सोडून दिलं. निवेदकाचा गळा तयार, उच्चार चोख, पण खोली घुमत होती. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला बारीकसा प्रतिध्वनी. वाटलं, दहा मिनिटांत सवय होईल. कसली सवय, डोकं दुखायला लागलं. माझं मत सरळ आहे: आधी आवाज स्वच्छ हवा, वाचनाची कला नंतर. बेताचं वाचन मी चालवून घेईन, घुमणारी खोली नाही.

पानउलट्या:
साफ अमान्य. लिब्रिवॉक्स या ऑडिओबुकांच्या संकेतस्थळावर 2005 पासून हौशी माणसं घरी बसून फुकट वाचताहेत. कधी एकाच पुस्तकाची प्रकरणं चार जणांनी चार माइकवर वाचलेली असतात. तिथलं मागे पंखा गरगरणारं एक वाचन मी दोनदा ऐकलंय, कारण वाचणाऱ्या बाईंना वाक्य कुठे मोडायचं ते कळत होतं. ‘नाही आला तर बरं’ हे रागाने म्हणायचं की काळजीने, ते मागच्या दोन पानांवरून ठरतं. ज्याने ती पानं समजून घेतलेली नाहीत त्याला लाखाचा माइक दिला तरी काय उपयोग?

फेडरवाला:
रेकॉर्डिंगचं काम करतो, म्हणून मध्ये तोंड घालतो. एसीएक्स या ऑडिओबुक प्रकाशित करणाऱ्या मंचाची अट अशी (0 म्हणजे कमाल मर्यादा): सरासरी पातळी (आरएमएस) -23 ते -18 डेसिबल, शिखर -3 च्या आत, शांततेतली खरखर -60 च्या खाली. हे आकडे गाठणं अवघड नाही, घात होतो तो ते कसेही करून गाठताना. खोली वाईट असली की नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय, लावतात. मग शब्द संपला की मागची खरखर एकदम तुटते आणि पुढच्या शब्दाबरोबर परत येते. पंखा अखंड चालू असेल तर कान त्याला विसरतो, चालूबंद होणारा पंखा विसरता येत नाही. काही जण तर सगळे श्वासच कापून टाकतात, ऐकणाऱ्याचा जीव घुसमटतो!
घुमण्याबद्दल मात्र मी कानसेनांच्या बाजूने. खरखर नंतर बरीच काढता येते, घुमणं शब्दालाच चिकटलेलं असतं. रिकाम्या खोलीत भारी माइक लावण्यापेक्षा कपड्यांनी भरलेल्या कपाटात डोकं घालून वाचलेलं बरं.

दुप्पट_वेग:
मी अंध आहे, वर्षानुवर्षं स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) वापरतो, पुस्तकं दुप्पट वेगाने ऐकतो. त्या वेगात तुमच्या अभिनयाचं काय होतं माहीत आहे? कुजबुज गायब होते आणि हुंदक्याची उचकी होते. 1930 च्या दशकात अमेरिकेत अंधांसाठी बोलकी पुस्तकं तबकड्यांवर आली तेव्हा एका बाजूवर सुमारे 15 मिनिटंच मावत. तबकडी उलटायला उठावं लागे, तरी लोक कादंबऱ्या संपवत. मला सपाट, स्पष्ट वाचन द्या, नाटक मी डोक्यात बसवून घेईन.

पानउलट्या:
उचकी आवडली. पण दोष वेगाचा, हुंदक्याचा नव्हे.

दुप्पट_वेग:
वेग ही माझी चैन नाही हो. रोजचं सगळं वाचन कानानेच करायचं तर दिवस पुरत नाही.

पानउलट्या:
हे मान्य. शब्द मागे घेतो.

खिडकीची_सीट:
मी प्रवासात ऐकते. माझा त्रास वेगळाच: निवेदक भावूक होऊन पुटपुटतो, मी आवाज वाढवते, पुढच्याच ओळीला तो किंचाळतो. आणि पुरुष निवेदकांनी बायकांचे संवाद नाकात, चिरक्या आवाजात म्हणणं कृपया बंद करावं. नुसता सूर हलका केला तरी कळतं कोण बोलतंय.

फेडरवाला:
पुटपुटण्याला कॉम्प्रेसर आहे, तो हळू-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करतो; चिरकेपणाला औषध नाही.

कानसेन_नवा:
पंख्याचं पटलं. फेडरवालांचं वाचून काल तेच पुस्तक हेडफोन काढून साध्या स्पीकरवर लावलं. त्यांची खोली माझ्या खोलीत मिसळून गेली, घुमणं निम्म्याहून कमी जाणवतं. सहावा तास चालू आहे. मत बदललेलं नाही.