कॉलवर एक थांबत नाही, दुसरी बोलत नाही. काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात, प्रतापनगरला घरून काम करतो. टीम सहा जणांची. दोघं इथले, बाकी पुणे, बंगळूर आणि एक अकोल्याला. एरवी गाडी बरी चालते.

मागच्या महिन्यात रात्री दीडला क्लायंटचं पेमेंट बंद पडलं. कॉलवर त्यांचे चार साहेब. पुण्याचा गडी ताण आला की तोंडानंच विचार करतो, तो जो सुरू झाला तो थांबेना. अकोल्याची ज्युनिअर एकदम चूप. मी चिडून विचारलं, "आहेस ना?" तर "हो सर", बस. पहाटे साडेतीनला चॅट वर सरकवली तेव्हा दिसलं, तिनं दोन वाजून पाच मिनिटांनीच लिहिलं होतं: "सर्टिफिकेट संपलं असेल का?" त्यावर चाळीसेक मेसेज येऊन पडलेले. आणि खरंच, सिस्टीमच्या सुरक्षा-सर्टिफिकेटचीच मुदत संपली होती!

"फोन काहून नाही केला?" म्हटलं, तर म्हणे, "सर, ते बोलत होते ना."

आता एचआर बिग फाइव्हवाली, म्हणजे स्वभावाचे पाच पैलू मोजणारी चाचणी घेणार आहे. घ्या बापा. पण कोण किती बहिर्मुख हे कळून रात्री दोनला काय उपयोग? कॅमेरा सक्तीचा करून पाहिला, अर्ध्यांचं नेट बसलं. तिला नाव घेऊन विचारावं तर चारचौघांत अजून आक्रसेल. कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
भाऊ, माझी अख्खी नोकरी विमानांच्या रेडिओवर गेली. 1977 साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकली, 583 माणसं गेली. टॉवर आणि एक विमान रेडिओवर एकाच वेळी बोलले आणि उड्डाण घेणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या कॉकपिटात नुसती शिट्टी ऐकू आली. त्याच दुसऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली होती, "ते विमान धावपट्टीवरून हटलं नाही का?" अनुभवी कॅप्टननं ती उडवून लावली. तीही प्रश्नचिन्हासकटच होती, बघा. स्वभाव बदलायच्या भानगडीत पडू नका. एक जण फक्त चॅट वाचायला बसवा, त्यानं दुरुस्तीला हात लावायचा नाही. शंका आली की त्यानं ती मोठ्यानं वाचायची आणि "तपासली" किंवा "नाही तपासली" एवढं उत्तर घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही.

धागाकर्ता
हे जमण्यासारखं आहे, काका. पण चॅट वाचायला पुण्याच्या गड्यालाच बसवलं तर? तेवढाच चूप राहील.