सिंथेटिक क्विल्टची ऊब कमी झाली आहे. धुऊन परत येईल का?

कातळवाट
क्लायमाशील्ड एपेक्स या पॉलिएस्टर भरणाचा क्विल्ट आहे, म्हणजे ट्रेकला स्लीपिंग बॅगऐवजी वरून पांघरायचं हलकं पांघरूण. भरण चौरस मीटरला १६७ ग्रॅम, आतून-बाहेरून पातळ नायलॉन. नवा होता तेव्हा ० अंशापर्यंत पुरायचा. चार हिवाळ्यांनंतर आता ७-८ अंशांतच थंडी वाजते. ट्रेकला कॉम्प्रेशन सॅकमध्ये (पट्ट्यांनी आवळायच्या पिशवीत) जातो, एरवी दिवाणात. अजून एकदाही धुतलेला नाही. धुण्याने किती फरक पडेल? की नवाच घ्यावा?

घोंगडीवाला
धुण्याआधी जाडी मोजा. क्विल्ट झटकून रात्रभर फरशीवर मोकळा पसरून ठेवा. सकाळी कडेपासून वीतभर आत हलका पुठ्ठा ठेवा, त्याचं टोक क्विल्टच्या बाहेर येऊ द्या आणि त्या टोकाची फरशीपासूनची उंची पट्टीने बघा. शिवणीजवळ मोजू नका, तिथे भरण दाबलेलंच असतं. छातीजवळ, मध्ये आणि पायाकडे असं वेगवेगळं मोजा. १६७ चा नवा थर साधारण ३ सेंमी भरतो.

ऊब धरते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा, त्यामुळे जाडी घटली की ऊबही जवळपास त्याच प्रमाणात घटते. ३ चे २ सेंमी झाले असतील तर क्विल्टची एक तृतीयांश ऊब गेली. अंगातले कपडे आहेत तेवढेच धरले तर ० अंशाचा क्विल्ट मोटामोटी ८ अंशांवर येतो. म्हणजे तुमची तक्रार हिशोबाला धरूनच आहे.

सुईदोरा
यात दोन वेगळे तोटे आहेत. अंगाचं तेल, घाम, सनस्क्रीन यांनी तंतू एकमेकांना चिकटतात. हा भाग धुतल्यावर सुटतो. दाबून दाबून तंतूंचा कुरळेपणा मोडला असेल तर तो मात्र परत येत नाही. कापसाची गादी पिंजून घेता येते, एपेक्स नाही. ती लांब, अखंड तंतूंची चादर असते. पिंजली तर संपलीच.

धुण्याची रीत: फ्रंट लोड मशीन, ३० अंश पाणी, सौम्य लिक्विड डिटर्जंट नेहमीच्या निम्मं, साध्या पाण्यात एकदा जादा खळबळणं, स्पिन कमीत कमी. मध्ये दांडा असलेलं टॉप लोड नको, तो दांडा क्विल्टला पीळ घालतो. फॅब्रिक सॉफ्टनर, ब्लीच, ड्रायक्लीन, सगळं वर्ज्य. मशीन नसेल तर मोठ्या टबात पायांनी हलकं तुडवा.

खरी गडबड बाहेर काढताना होते. एपेक्स फक्त कडेने शिवलेलं असतं. ओला क्विल्ट एका टोकाला धरून उचलला की पाण्याच्या वजनाने चादर शिवणीतून फाटते, आणि आत फाटलेलं बाहेरून दिसतही नाही. दोन्ही हात खालून घालून उचला. पिळू नका, दाबून पाणी काढा. एकाच दोरीवर टांगू नका, खाटेवर किंवा तीन-चार दोऱ्यांवर आडवा पसरा. जागा सावलीची हवी, उन्हाने नायलॉन कुजतं. पावसाळ्यात तर धुऊच नका, दोन-दोन दिवस दमट राहून वास धरतो.

घोंगडीवाला
दिवाणाबद्दल राहिलं. वर गाद्या, खाली क्विल्ट, म्हणजे वर्षातले अकरा महिने दाबात. ट्रेकच्या दहा-पंधरा रात्रींपेक्षा नुकसान इथेच जास्त. जुन्या सुती पलंगपोसाची मोठी पिशवी शिवा आणि कपाटावर सैल ठेवा. डांबरगोळ्यांची गरज नाही, पॉलिएस्टरला कसर लागत नाही. उंदरांपासून मात्र जपा.

दाबाच्या जोडीला उष्णता आली की अजून वाईट. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कॉम्प्रेशन सॅक पडून राहिली तर तंतू त्याच चपट्या आकारात बसतात. पॅक करताना क्विल्ट घडी न घालता पाठीवरच्या सॅकच्या तळाशी मोकळा कोंबा आणि वरच्या सामानाने दाबेल तेवढाच दाबू द्या. मुक्कामाला तंबू लागला की पहिल्यांदा क्विल्ट बाहेर काढा.

कातळवाट
मोजला. छातीजवळ २.३, पायाकडे १.७. खालची मॅट साधी फोमची आहे, आर व्हॅल्यू (जमिनीचा गारवा अडवायची क्षमता) २.

सुईदोरा
पायाकडचा भाग मळतोही जास्त. धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा मोजा. तिथे २ च्या वर गेला तर मळच होता, नाही हलला तर तंतू मोडलेत.

आर २ ची मॅट ५ अंशांखालच्या जमिनीवर तोकडीच. क्विल्टला खालची बाजू नसते, तिथली सगळी भिस्त मॅटवर. आधी दुसरी फोम मॅट घालून बघा, नव्या क्विल्टपेक्षा फार स्वस्त पडते.

आणि जुना टाकू नका. सह्याद्रीतल्या १० अंशांच्या रात्रींना तो पुरेल. उत्तराखंडात डाउन बॅगवर (पिसांच्या स्लीपिंग बॅगवर) पांघरलात तर शरीरातून निघालेली वाफ डाउनमध्ये न गोठता बाहेरच्या सिंथेटिक थरात थांबते. रुंदी फक्त बघून घ्या. घट्ट बसला तर खालचं डाउन दाबेल आणि होती तीही ऊब जाईल.